बाईंचं मत

वर गेलेला हात माझाच आहे, हे सगळ्या सभागृहात मला सर्वांत शेवटी कळलं. समोर आमच्या पक्षाचे सगळे हात वर होते, नेहमीसारखे ताठ, आणि त्यांच्याकडे बघता बघता मला वाटलं, हे सगळे माझ्याकडे काय बघतायत, साडीला काही लागलंय की काय. मग विरोधकांच्या बाकांवरून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग त्याच्या शेजारचा. मग आमचेही दोघेतिघे, तोंडावर रुमाल धरून. माझ्या शेजारी खाली मान घालून लिहिणारे सचिव, सभेचं कामकाज नोंदवणारे वयस्कर गृहस्थ, वर न बघताच पुटपुटले, "महापौर, हात खाली घ्या. अध्यक्षांनी हात वर करायचा नसतो." तेव्हा कुठे मी तो खाली घेतला. ठराव कसला होता, तर रस्त्यावरचे दिवे बदलण्याचा. एकमताने मंजूर झाला. म्हणजे माझ्या हाताची कोणाला गरजही नव्हती, तरी तो गेला. एवढ्या उंच खुर्चीवर बसून, मागे शहराचं भलंमोठं बोधचिन्ह, गळ्यात ती जड साखळी, आणि मी आपली शाळेतल्या पोरीसारखी हात वर करून बसलेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तोच फोटो. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं, फक्त 'महापौरांची पहिली सभा'. लिहायची गरजच काय होती म्हणा.

नवरा औषधाच्या दुकानात बसतो, त्याला दिवसभर गिऱ्हाइकांनी तो फोटो दाखवला. संध्याकाळी घरी आला तो हात वर करूनच. "भूक लागलीय, ठराव मंजूर?" मी हसले. हसायचंच होतं. पण रात्रीच्या भाकऱ्या थापताना माझं लक्ष सारखं त्या उजव्या हाताकडे जात होतं. हा काय करील याचा आता भरवसा नाही असं वाटत होतं. इतकी वर्षं गाडी शिकवताना डावीकडच्या सीटवरून याच हाताने मी गिअर बदलले, शिकाऊ बायकांच्या हातातलं स्टिअरिंग ऐनवेळी ओढून धरलं, आणि कधी त्याने मला न विचारता काही केल्याचं आठवत नाही. लेक अभ्यास करत होती, तिने मान वर न करता विचारलं, "आई, खरं सांग, तुला वाटलं म्हणून केलास की सगळ्यांनी केला म्हणून?" मी म्हटलं, चूक झाली गं, सवयीने गेला. "सवय कसली?" ती म्हणाली. मी तव्यावरची भाकरी उलटली, तर ती करपली होती.

सवय कसली, हे तिला कसं सांगू. आमच्या पक्षात हात वर करणं हे एक तंत्र आहे. आमचे गटनेते, सभागृहात आमच्या सगळ्यांना सांभाळणारे, ते पहिल्या बाकावर कडेला बसतात. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला की हात वर. चष्मा खिशात ठेवला की हात खाली, म्हणजे विरोधात. नुसताच कपाळावर सरकवला तर बोलत राहा, वेळ काढा. मला नगरसेविका केलं त्या पहिल्या वर्षी मी ठरावाचे कागद वाचून जायची, खुणा करून जायची. मग लक्षात आलं की कागदाकडे बघत राहिलं तर चष्मा चुकतो. एकदा चुकलाही, सगळ्यांचे हात वर गेले आणि माझा मागाहून, तर चहाच्या वेळी गटनेते गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही तर गाडी शिकवता. आरशात बघायचं असतं ना अधूनमधून?" सगळे हसले. त्यानंतर मी आरशात बघायला शिकले. इतकं शिकले, की महापौरांच्या खुर्चीवर बसल्यावरही माझे डोळे त्या कडेच्या बाकावरच होते, आणि त्यांनी चष्मा काढल्याबरोबर हात निघाला. सवय लागते म्हणजे काय होतं, हे मी शेकडो बायकांना शिकवलंय. पहिल्या दिवशी त्या म्हणतात, बाई, एवढं सगळं एकाच वेळी कसं करायचं? मी म्हणते, अहो, करायचं नसतंच, काही दिवसांनी ते आपोआप होतं. आपोआप होणं हीच शिकवणीची परमावधी असं मी मानत आले. आता त्या शब्दाने मला घाम फुटतो.

तसं माझं महापौर होणंही आपोआपच झालं. मी भांडी घासत होते, फोन वाजला, लेकीने माझ्या कानाला लावून धरला. काका म्हणाले, "पोरी, तुला व्हायचंय." काय व्हायचंय हे विचारायच्या आधीच मी हो म्हणाले होते. काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत, आमच्या पक्षाचे या शहरातले सर्वेसर्वा, पण मला सख्ख्याहून जास्त. वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होते आणि आईला रडण्याशिवाय काही सुचत नव्हतं. वडिलांचे मित्र म्हणवणारे कितीजण आले आणि चहा पिऊन गेले. काका आले ते स्वयंपाकघरात गेले, डबे उघडून बघितले, काय आहे काय नाही ते बघून निघून गेले, आणि संध्याकाळी सगळं घरी आलं. मला गाडी शिकवायची शाळा काढायची होती, तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं, बाईमाणसाकडे गाडी शिकायला कोण येणार. काका म्हणाले, "मी येतो." आणि आले. पक्षाचा एवढा मोठा माणूस, गल्लीतून माझ्या शेजारी बसून गाडी शिकतोय, हे लोकांनी बघितलं आणि माझी शाळा चालली. काकांना गाडी मात्र कधीच आली नाही. शिकवायच्या गाडीला माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो, दुसरा, तो मी त्यांच्यासाठी जवळजवळ सतत दाबून असायची, आणि काका खाली उतरून म्हणायचे, "बघितलंस? आता एक ठोकर नाही लागली." मी म्हणायची, छान चालवता काका. त्यांना अजूनही वाटतं आपल्याला गाडी येते. मी ते कधी मोडलं नाही, आणि त्यात मला काही वाईटही वाटलं नाही. माया होती, दुसरं काय.

फोटोचं हसू ओसरतं न ओसरतं तोच तो दुसरा ठराव आला. आमच्याच दोन सभासदांनी मांडलेला. गावाबाहेर कोणा एका बड्या माणसाची नवी गोदामं झाली होती, आणि तिथे जायला अवजड ट्रकांना चढाच्या रस्त्याने दिवसा वाहतुकीची परवानगी द्यावी, असा. पक्षाच्या सभांच्या खुर्च्या, गाड्या, मांडव, सगळं त्याच माणसाचं. कागद हातात आला आणि मला पहिल्यांदाच वाटलं की अक्षरांना वजन असतं. चढाचा रस्ता! सगळ्या शहरात मला असा एकच रस्ता माहीत आहे की ज्याचा प्रत्येक हात मला पायाने ठाऊक आहे. वर पाण्याची टाकी, मग सरळ उतार, मध्ये डाव्या अंगाला घरं, दारांतून पायऱ्या थेट रस्त्यावर उतरलेल्या, आणि खाली, जिथे उतार संपायला हवा तिथे तो संपत नाही, एकदम वळतो, आणि वळणावर पालिकेचा दवाखाना. चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुढे कशी काढायची, हे मी सगळ्यांना तिथेच शिकवलं. घसरू देत नाही मी, पण एकदा तरी थोडी घसरू देते, मुद्दाम, वीतभर. त्या वीतभरात बाई किंचाळते. मग तिला कळतं की गाडी म्हणजे काय असतं.

आणि एकदा तो ट्रक आला. ही फार जुनी गोष्ट, ट्रकांना तिथे बंदी झाली ती त्याच ट्रकामुळे. माझ्या शेजारी एक शिक्षिका होती, जाडजूड, हसरी, तिला क्लच सापडत नव्हता. मी आरशात बघितलं तर वरून एक ट्रक येतोय आणि त्याचा वेग चुकीचा आहे. जास्त नव्हता, चुकीचा होता. मी स्टिअरिंग ओढलं आणि गाडी कोणाच्या तरी पायऱ्यांवर चढवली. ट्रक शेजारून गेला तेव्हा मला ड्रायव्हर दिसला. तो ब्रेकवर उभा होता, अक्षरशः उभा, डोकं टपाला टेकलेलं, आणि त्याचं तोंड उघडं होतं पण हॉर्न सोडून कसलाच आवाज येत नव्हता. मग खालून तो आवाज आला. दवाखान्याची भिंत आणि भिंतीला टेकून आपल्या नंबराची वाट बघणारे लोक. मी खाली गेले नाही. शिक्षिका रडत होती, तिला सोडून जाता येणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण नंतर कितीतरी दिवस मला आंघोळ करताना, केस विंचरताना तो उभा राहिलेला माणूस दिसायचा. ठरावाचा कागद वाचला आणि तो पुन्हा उभा राहिला. मी महापौरांच्या त्या सजवलेल्या खोलीत, शिपाई समोर असताना, टेबलाची कड धरली. शिपाई म्हणाला, "बाई, पाणी?" मी नको म्हणाले आणि मग दोन पेले प्यायले.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट. हा ठराव मंजूर होऊ द्यायचा नाही. पण मी काय करणार? अध्यक्षाला मत नसतं, मतं समान पडली तरच असतं, आणि आमची तर दोन मतांची का होईना पण आघाडी होती. म्हणजे मला फक्त बघायचं होतं. खरं सांगायचं तर या विचाराने मला थोडं हायसंही वाटलं, आपल्या हातात काही नाही याचं जे एक सुख असतं ते. आणि मग बातमी आली की ठराव मांडणाऱ्या दोघांनाच ताप आलाय, दोघेही सभेला येणार नाहीत. नवरा रात्री हात धुता धुता म्हणाला, "गंमत बघ, दोघेही माझी गिऱ्हाइकं. तापाचं औषध न्यायला कोणी आलं नाही बुवा. एकाचा मुलगा आला होता, तो केसांना लावायचा काळा रंग घेऊन गेला." मी म्हटलं, दुसऱ्या दुकानातून घेतलं असेल. माझं लक्ष औषधाकडे नव्हतंच. माझ्या मनात हिशेब झाला होता, मतं समान पडणार. म्हणजे निर्णायक मत माझं.

मी काकांना आधी सांगायचं ठरवलं. पाठीत सुरा खुपसायचा नाही, समोर जाऊन सांगायचं. न्हाणीघरात नळ सोडून मी बोलून बघत होते. 'काका, मला हे जमणार नाही.' हे फार मऊ. 'काका, मी विरोधात मत देणार.' हे फार उद्धट. 'काका, तुम्हाला तो ट्रक आठवतो का?' हे वाक्य कधी शेवटपर्यंत गेलंच नाही. बाहेरून लेक ओरडायची, "आई, पाणी वाहून चाललंय! तूच भाषणं देतेस ना पाणी वाचवायची?" मी नळ बंद करायची आणि मग शब्दच सुचायचे नाहीत. ते रागावले तर? राग मी सोसला असता. ते गप्प बसले तर काय, याची भीती होती. काका कोणाला तोडतात तेव्हा ते ओरडत नाहीत, त्याच्याशी मोठ्या आदराने बोलायला लागतात. 'पोरी'चं 'महापौर' झालं, 'ये गं'चं 'या, बसा' झालं, की माझं काय उरणार, असं वाटायचं. पद गेलं असतं तर शाळा होती, गाडी होती. पण त्या घरात पुन्हा थेट स्वयंपाकघरापर्यंत जाता आलं नसतं.

काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. सकाळी गेले तेव्हा ते अंगणाकडच्या खोलीत खुर्चीवर मान मागे टाकून बसले होते आणि सून थेंबांची बाटली शोधत होती. "दे, मी घालते," मी म्हटलं. काकांची पापणी दोन बोटांनी वर ओढली. म्हाताऱ्या माणसाची पापणी इतकी पातळ असते हे मला माहीत नव्हतं. थेंब पडला, त्यांनी डोळे गच्च मिटले, आणि मी तेव्हाच बोलले, कारण ते बघत असताना मला बोलता आलं नसतं. "काका, तो चढाचा रस्ता. मला तो ठराव पटत नाही. मतं समान पडली तर मी विरोधात जाणार." मला वाटलं ते डोळे उघडतील. त्यांनी उघडले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेलं पाळत ते तसेच बसून राहिले, गालावरून औषधाचा ओघळ खाली येत होता. मग म्हणाले, "तू महापौर आहेस. तुझ्या मनाला येईल ते कर." मी म्हटलं, म्हणजे तुम्ही रागावला नाहीत? "रागवायचं काय त्यात? तू काय आता लहान आहेस? तू स्वतंत्र आहेस, पोरी. दुसऱ्या डोळ्यात घाल." मी दुसऱ्या डोळ्यात घातलं. थेंब नाकावर पडला, काका हसले. मला इतकं भरून आलं की मी त्यांच्या पाया पडले. बाहेर आले तेव्हा रस्ता, झाडं, सगळं कसं धुऊन काढल्यासारखं दिसत होतं. आणि तरी गाडीत बसल्यावर, का कोण जाणे, छातीत काहीतरी खटकत राहिलं. इतकं सोपं कसं झालं? आयुष्यात मला काही इतकं सोपं मिळालं नव्हतं. जड वस्तू म्हणून जोर लावून उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसा माझा तोल गेला होता. मी स्वतःलाच रागावले. चांगलं झालं तरी रडतेस, म्हटलं, वाईट झालं तरी रडतेस, तुझं करायचं तरी काय बाई.

सभेच्या दिवशी मी लवकर गेले. खोलीत शिपाई फुलदाणीतलं पाणी बदलत होता, त्याला बाहेर पाठवून गटनेते आत आले आणि दार लावून घेतलं. वाटलं, आता हे मला पटवणार, दटावणार. मी उभीच राहिले, बसून ऐकायचं नाही असं ठरवून. तर ते म्हणाले, "बाई, एक सांगायला आलो. तुम्ही विरोधात मत दिलंत की मी उठून जरा ओरडणार आहे. विश्वासघात वगैरे म्हणीन. मनावर घेऊ नका." मी म्हटलं, म्हणजे? "म्हणजे ते करावंच लागणार ना. वर प्रेक्षकांत गोदामवाल्याची माणसं बसणार आहेत. मग आम्ही तुम्हाला एक नोटीस काढू, तुम्ही उत्तर देऊ नका. महिनाभरात लोक विसरतील." मी खुर्चीत बसले. ते चष्मा पुसत होते, खूण म्हणून नव्हे, नुसतेच. "अहो, त्या माणसाला नाही म्हणणं काकांना जड जातं. आणि चढावरच्या घरांची मतं घालवणंही परवडत नाही. तुम्ही विरोधात गेलात की दोन्ही सुटतं. पक्षाने जीव तोडून प्रयत्न केला, बाई ऐकत नाहीत, त्याला काय करणार!" मी विचारलं, आणि तो ताप? ते हसले. "तापाचं काय, उतरेल उद्या. काका म्हणाले होते, हिला काही सांगू नका, हिच्या अंगावर सगळं दिसतं. त्या दिवशी हात बघितलात ना. पण मला राहवेना. म्हटलं, ऐनवेळी तुम्ही बिचकलात आणि पक्षाच्या बाजूने मत देऊन बसलात, तर सगळंच ओम फस्स." आणि जाता जाता दारात थांबून, अगदी मनापासून, "तुमच्यावर काकांचा फार विश्वास आहे हो."

मी एकटी राहिले. भिंतीवर आधीच्या सगळ्या महापौरांचे फोटो, सगळे हनुवटी वर करून. मला आधी राग आला नाही. आधी शरम वाटली, अशी की कानशिलं तापली. ती न्हाणीघरातली भाषणं, तो नळ, ते पाया पडणं. मी जीव मुठीत धरून बंड करायला गेले आणि बंड तर त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, माझ्यासाठी जागा सोडून. तुझ्या मनाला येईल ते कर, म्हणजे तुझ्या मनाला काय येईल ते आम्हाला ठाऊक आहे. मिटलेल्या डोळ्यांमागे काका काय बघत होते? मला तो ट्रक दिसतो हे त्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं कधीतरी, रडत रडत, त्यांच्या स्वयंपाकघरात. त्यांनी ते इतकी वर्षं जपून ठेवलं आणि आता कामाला लावलं. आणि तरी, हे लिहायला नको पण खरं आहे, याही क्षणी मनाचा एक कोपरा म्हणत होता, काही का असेना, काका खूश होतील. ठराव पडेल, रस्ता वाचेल, मी त्यांची 'पोरी'च राहीन, वर लोक म्हणतील, काय निधड्या छातीची बाई आहे! सगळंच मिळतंय, मग नाही का म्हणायचं? घे ना मुकाट्याने.

मग उलट विचार आला, दात ओठ खाऊन. ठरावाच्या बाजूनेच मत द्यावं. त्यांचा सगळा डाव उधळून लावावा. बघू दे काकांना, हिच्या मनाला काय येतं ते. दोन मिनिटं मी त्या विचाराच्या उबेत बसले आणि मग मला तो ब्रेकवर उभा राहिलेला माणूस दिसला, आणि भिंतीला टेकलेले लोक. माझं स्वतंत्र असणं सिद्ध करायला मी उतारावर ट्रक सोडणार होते. शी! म्हणजे विरोधातच मत द्यायचं. पण ते मत आता माझं राहिलं नव्हतं. जे मला करायचं तेच त्यांना हवं, आणि ते मी केलं की कोणालाच, कदाचित मलाही, कधी कळणार नाही की मी केलं की माझ्याकडून झालं. लेकीने विचारलं तर काय सांगू? तुला वाटलं म्हणून की सगळ्यांनी ठरवलं म्हणून? घंटा झाली. शिपाई साखळी घेऊन आला, त्याने ती माझ्या गळ्यात घातली, मागचा आकडा लागेना, तो म्हणाला, "बाई, श्वास सोडा." मी कधीपासून धरून ठेवला होता कोण जाणे.

सभागृहात गर्दी होती. वर प्रेक्षकांत चढावरच्या घरांतल्या बायका होत्या, त्यांतल्या दोघी माझ्याकडेच गाडी शिकलेल्या, एकीने हात हलवला. पलीकडे इस्त्रीच्या कपड्यांतले चारपाच पुरुष. भाषणं झाली, मी ऐकली नाहीत. ठराव मतास टाकला. मी दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले आणि नजर फक्त सचिवांवर. ते उभे राहून मोजत होते, ओठ हलवत, आणि मग पुन्हा मोजले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "महापौर, मतं समान. निर्णायक मत आपलं." मी म्हणाले, "माझं मत ठरावाच्या विरोधात. ठराव नामंजूर." वर बायकांनी टाळ्या वाजवल्या, विरोधकांनी बाकं वाजवली, आणि कडेच्या बाकावरून गटनेते उठले, ठरल्याप्रमाणे, बोट माझ्याकडे रोखून. "हा विश्वासघात आहे! ज्या पक्षाने तुम्हाला," असं ते म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले. छान करत होते. खरंच संतापल्यासारखे दिसत होते. मला एकदम हसू आलं, आणि त्या हसण्यातच ती भीती, इतके दिवस पोटात बसलेली, थोडी सैल झाली.

"गटनेते, बसा," मी म्हणाले. "तुम्ही ओरडणार हे मघाशी माझ्या खोलीत सांगितलंत, मी मनावर घेतलेलं नाही." ते बसले नाहीत, उभेही राहिले नाहीत, मधेच कुठेतरी अडकले. "सभागृहाला दोन गोष्टी सांगते. मी विरोधात का, तर तो उतार मला माहीत आहे. दवाखान्याच्या भिंतीशी लोक मेले तेव्हा मी त्या रस्त्यावर होते, आणि मी खाली बघायला गेले नाही. हे माझं कारण, आणि ते माझंच आहे." मी गळ्यातली साखळी सरळ केली. "दुसरं. हे मत मी असंच द्यावं, ही माझ्या पक्षाचीही इच्छा होती. आजारी म्हणून न आलेले दोन सभासद आजारी नाहीत. ठराव मांडायचा पक्षाने, पाडायचा मी, आणि दोष माझा, असं ठरलं होतं. मला हे आज कळलं. तेव्हा माझ्या बंडखोरीबद्दल कोणी टाळ्या वाजवू नका, आणि पक्षाने प्रयत्न केला असंही कोणी कोणाला सांगू नका." इस्त्रीच्या कपड्यांतला एकजण उठून बाहेर गेला, फोन कानाला लावतच. विरोधकांचा आनंदही बघण्यासारखा होता, टाळी अर्धीच राहिलेली, कारण पाडलेल्या ठरावाचं श्रेय आता त्यांनाही धड घेता येत नव्हतं. आमच्या बाकांवरचं कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे आपापल्या कागदांत, जणू तिथे काहीतरी लिहिलंय.

आता काकांना फोन जाईल, मला वाटलं. आता या क्षणी जात असेल. ते मान मागे टाकून ऐकतील, काही बोलणार नाहीत, आणि उद्यापासून मी महापौर होईन त्यांच्यासाठी, आदराची महापौर, आणि मग थोड्याच दिवसांत तीही नाही. वडील गेले त्या दिवशी डबे उघडून बघणारा माणूस मी आत्ता, माझ्या तोंडाने, घालवला. वाटलं, परत घ्यावेत शब्द, म्हणावं, चुकलं, मी असं म्हणाले नाही. सचिवांचं लिहिणं थांबलं होतं. ते प्रथमच मान वर करून थेट माझ्याकडे बघत होते. "महापौर," ते हळू आवाजात म्हणाले, फक्त मला ऐकू जाईल असं, "हे शेवटचं जे आपण बोललात, ते कामकाजातून वगळायचं का? वगळण्याचा अधिकार अध्यक्षांचा असतो. आपण म्हणाल तर हे कोणी बोललंच नाही असं होईल." त्यांचा पेन कागदाच्या वर थांबला होता. इतकी दयाळू वाट मला आजवर कोणी दाखवली नव्हती.

"नोंदवा," मी म्हणाले. "सगळं नोंदवा. आणि पुढचा विषय घ्या."